पिवळे पान आणि पाण्याचा तांब्या

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. घरात ऐंशीच्या पुढच्या सासूबाई. दिवाणखाना आणि बाल्कनी मिळून अकरा कुंड्या, आणि त्या साऱ्या सासूबाईंनीच वाढविलेल्या. पावसाळा सुरू झाल्यापासून मनी प्लँट, तुळस आणि जास्वंद यांची पाने पिवळी पडून गळत आहेत. सासूबाईंना ते पाहवत नाही. त्या उठतात आणि तांब्या भरून पुन्हा कुंड्यांपाशी जातात. “झाडांना काय झाले आहे ते कळवावे, आणि उपाय नसेल तर कुंड्या काढून टाकाव्यात का, तेही सांगावे,” असे भगिनींनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे : “पाणी घातलेले त्यांना आठवत नाही.”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कुंड्या काढू नका. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या शेवटच्या ओळीत आहे. पण ते सविस्तर सांगायला हवे, कारण ज्या घरांत कोणालाच विस्मरण नाही तेथेही हेच घडताना दिसते. सकाळी आजोबा पाणी घालतात, दुपारी सूनबाईंना माती कोरडी वाटते म्हणून त्या घालतात, आणि संध्याकाळी उरलेले पाणी फेकायचे कशाला म्हणून कोणीतरी तेही ओतते. प्रत्येकाने एकदाच घातलेले असते. झाडाला मात्र ते तीनदा मिळते.

पान पिवळे का होते, हे प्रथम पाहू. पानातील हिरवा रंग हरितद्रव्याचा. पिवळा रंगही पानात पहिल्यापासून असतो, परंतु हिरव्याखाली तो झाकलेला राहतो. हरितद्रव्य मोडू लागले, किंवा नवे तयार होईनासे झाले, की दडलेला पिवळा दिसू लागतो. पान जुने झाले की झाड स्वतःच हे काम हाती घेते. गळण्यापूर्वी त्यातील नत्रासारखी उपयोगी द्रव्ये काढून घेऊन ती नव्या पालवीकडे पाठवते. म्हणून बुंध्याजवळचे एखाददुसरे जुने पान अधूनमधून पिवळे पडत असेल आणि शेंड्याची पाने टवटवीत असतील, तर तो आजार नाही. अशा पानासाठी कोणताही उपाय करू नये. एकाच आठवड्यात चार-पाच पाने पिवळी पडली, किंवा कोवळी पालवीच फिकी निघू लागली, तर मात्र कारण शोधावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढची निराशा टळत नाही. पूर्ण पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. खत द्या, औषध फवारा, उन्हात ठेवा, ते जाणारच. उपाय लागू पडला की नाही, हे जुन्या पानाकडे पाहून कळत नाही. त्यानंतर येणाऱ्या नव्या पानाकडे पाहून कळते. पुष्कळ लोक पिवळ्या पानावर नजर ठेवून आठवड्याला नवा उपाय करतात आणि त्या उपायांच्या गर्दीतच झाड दगावते.

आता पाण्याकडे वळू. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते आणि मुळे तीच वापरतात. पाणी सतत साचून राहिले की पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. परिणामी भोवती चिखल असूनही झाड तहानलेले राहते. पाने मलूल होतात, पिवळी पडतात. आपण वरून पाहतो, झाड कोमेजलेले दिसते, आणि आपण आणखी पाणी घालतो. माती ओली आणि झाड कोमेजलेले, हे दोन्ही एकत्र दिसले तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे. अशी पाने हाताला मऊ लागतात. पाणी कमी पडलेले पान याउलट कडांकडून वाळत जाते, तपकिरी होते आणि चुरचुरीत लागते. मातीला आंबूस वास येणे आणि कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडणे, ही जास्त पाण्याचीच आणखी दोन लक्षणे.

पावसाळ्यात हे अधिक का घडते? उन्हाळ्यात एका दिवसात वाळणारी माती दमट हवेत चार-चार दिवस ओली राहते. आपली सवय मात्र उन्हाळ्याचीच असते. त्यातच हल्ली पुष्कळ कुंड्या कोकोपीटने भरलेल्या असतात. कोकोपीट वरून वाळून फिकट दिसते आणि आत ओलेच असते. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत, विशेषतः मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर, हा अंदाज चुकू शकतो. त्यांनी आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा उदबत्तीची जळून उरलेली काडी मातीत खोल खुपसावी, दहा मिनिटांनी बाहेर काढावी आणि डोळ्यांनी पाहावी. काडी काळपट, ओली निघाली आणि तिला माती चिकटली असेल तर आत पाणी आहे. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याचा सल्लाही दिला जातो. तो तरुणांसाठी ठीक आहे. साठीनंतर कंबरेची परीक्षा घेऊ नये.

पाणी जास्त झालेच असेल तर प्रथम ते बंद करावे आणि खालची ताटली रिकामी करावी. कुंडीच्या बुडाचे छिद्र उघडे आहे ना, हे काडी घालून पाहावे. पुष्कळदा ते मातीने किंवा मुळांनी बुजलेले असते. शोभेच्या चिनी मातीच्या कुंड्यांना तर छिद्रच नसते. दिवाणखान्यातील कित्येक झाडे त्यामुळेच जातात, आणि दोष ‘आमच्या घराला झाडे मानवत नाहीत’ यावर ठेवला जातो. अशा सुंदर कुंडीत झाड छिद्राच्या साध्या कुंडीसह ठेवावे आणि पाणी घालताना बाहेर काढून घालावे. वरचा मातीचा थर खुरप्याने हलका उकरला तर हवा आत जाते. आठवड्याभरानेही सुधारणा नसेल आणि वास येत असेल, तर घरातील धडधाकट व्यक्तीने झाड मातीसह बाहेर काढावे, काळी व लिबलिबीत मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत आणि पांढरी, टणक मुळे ठेवून नव्या मातीत ते लावावे. मातीत जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळला तर निचरा चांगला होतो. नवे पान येईपर्यंत खत देऊ नये. दुबळी मुळे खताने भाजतात.

तुळशीविषयी वेगळे लिहावे लागेल, कारण तेथे प्रश्न केवळ बागकामाचा राहत नाही. तुळशीला पाणी घालणे हा अनेकांचा आयुष्यभराचा नेम आहे आणि तो मोडा असे मी सुचविणार नाही. परंतु वाड्याच्या अंगणातील वृंदावन वेगळे आणि खिडकीच्या ग्रिलमधील आठ इंची कुंडी वेगळी. वृंदावनात तांब्याभर पाणी सहज जिरत असे. या कुंडीत घरातील तिघांनी तीन तांबे ओतले तर ती तुळस पावसाळ्यात टिकणार नाही. नेम पळीभर पाण्यानेही पुरा होतो. पूजेच्या पळीने पाणी घालावे आणि उरलेली तहान काडीची परीक्षा करून भागवावी. हळद-कुंकू मातीत न घालता कुंडीच्या कडेला वाहावे; दूध तर मुळीच घालू नये, त्याने मातीत बुरशी धरते आणि मुंग्या येतात. तुळशीला रोज चार-सहा तासांचे ऊन हवे. मंजिऱ्या खुडत राहाव्यात, अन्यथा झाडाची शक्ती बियांकडे जाते आणि पाने पिवळी होऊन झडतात. खुडलेल्या मंजिऱ्या देवाला वाहता येतात, हे वाचकांना मी सांगायला नको. थंडीत तुळस पाने टाकते, तो तिचा स्वभाव आहे.

चहाच्या चोथ्याविषयीही एक शब्द. साखर-दुधाचा चोथा तसाच कुंडीत टाकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. तो धुऊन, वाळवून, क्वचित चमचाभर टाकला तर हरकत नाही. ओला चोथा मात्र दुधासारखाच बाधतो.

पाण्याखेरीज इतर कारणे तुलनेने थोडक्यात सांगता येतील. अंधाऱ्या कोपऱ्यातील झाडाची पाने हळूहळू फिकी होतात आणि फांद्या खिडकीकडे लांबतात. त्याला प्रकाशाजवळ न्यावे, पण एकदम कडक उन्हात ठेवू नये, पाने करपतात. क्रोटनसारखी झाडे नुसती जागा बदलली तरी रुसून पाने टाकतात. जुनी, खालची पाने सर्वत्र सारखीच पिवळी होत असतील आणि वर्षभरात खत दिलेले नसेल, तर नत्राची उणीव असू शकते. मूठभर गांडूळखत महिन्या-दीड महिन्याने द्यावे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमची उणीव संभवते. हेच चिन्ह जुन्या पानांऐवजी कोवळ्या पानांवर दिसले तर लोहाची. जास्वंद, मोगरा, लिंबू यांच्यावर ते पुष्कळदा दिसते आणि त्यामागे बोअरवेलचे जड पाणी असते. मातीत लोह असते. क्षारांमुळे झाडाला ते घेता येत नाही. अशा झाडांना पावसाचे पाणी साठवून द्यावे, आणि रोपवाटिकेत मिळणारे चिलेटेड लोह वेष्टनावरील प्रमाणातच वापरावे. पत्रातील जास्वंदीची कोवळी पाने कशी आहेत, हे भगिनींनी एकदा पाहावे.

पानांच्या पाठीमागेही पाहावे. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि जाळी असेल तर कोळी. आधी पाण्याच्या धारेने पाने धुवावीत. पुरले नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे. वास उग्र असतो. घरात दमेकरी असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावे. रासायनिक कीटकनाशके ज्येष्ठांच्या घरात आणूच नयेत. आणि कोणतेही खत वा औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत किंवा गोळ्यांच्या जुन्या डबीत ठेवू नये. मॅग्नेशियमचे खत साखरेसारखे दिसते, आणि ज्यांची नजर व स्मरण दोन्ही मंद झाली आहेत त्यांच्या हाती ते कधी लागेल याचा नेम नसतो.

याच कारणाने आणखी एक सूचना. डिफेनबेकियाचे मोठ्या ठिपकेदार पानांचे झाड आपल्याकडे लोकप्रिय आहे. त्याचे पान चावले गेले तर तोंड आणि जीभ यांची तीव्र आग होऊन सूज येते. मनी प्लँटमध्येही तशीच द्रव्ये असतात. कण्हेर तर सर्वांगी विषारी, तिचा परिणाम थेट हृदयावर होतो. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण किंवा लहान मूल असेल तर कण्हेर आणि डिफेनबेकिया घरात नकोतच, आणि मनी प्लँट हाताच्या टप्प्याबाहेर टांगावा.

आता पत्रातील त्या शेवटच्या ओळीकडे. सासूबाई पाणी घालतात, विसरतात, पुन्हा घालतात. अशा वेळी घरच्यांना सुचणारा सोपा मार्ग म्हणजे तांब्या त्यांच्या हातून काढून घेणे. तो घेऊ नये असे मला वाटते, आणि त्यामागे केवळ भावना नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ‘आर्डन हाउस’ नावाच्या शुश्रूषागृहात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले, की खोलीची मांडणी, वेळेचा उपयोग तुमचा तुम्ही ठरवा. त्यांना एक रोप निवडायला दिले आणि त्याची निगा त्यांच्याकडे सोपविली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपे दिली, मात्र पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक तरतरीत, अधिक आनंदी आढळले. प्रयोग लहान होता आणि श्रेय एकट्या रोपाला देता येणार नाही. तरीही रोप दोन्ही मजल्यांवर होते, आणि पाणी कोणी घालायचे हे मात्र निराळे होते, एवढे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मग करावे काय? रात्री झोपण्यापूर्वी घरातील एकाने लहान झारी दुसऱ्या दिवसाच्या पाण्याने भरून बाल्कनीच्या दाराशी ठेवावी. एक लिटरची पुरे. ज्या कुंड्यांची माती कोरडी आहे त्यांत एक-एक रंगीत काडी खोचून ठेवावी, म्हणजे पाणी कोणाला घालायचे हे सासूबाईंना दिसेल. झारी रिकामी झाली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यांनीच खूण करावी. “आई, पाणी घातलंत ना मघाशी!” असे वरच्या स्वरात म्हणण्यापेक्षा दिनदर्शिकेकडे बोट दाखविलेले बरे; त्यात कोणाचा पाणउतारा होत नाही. त्याउपर त्या उठल्याच तर ओले फडके हाती द्यावे. मनी प्लँटच्या पानांवरची धूळ पुसणे हे खरोखरीचे काम आहे, झाडाला त्याने प्रकाश अधिक मिळतो, आणि ते दिवसातून तीनदा केले तरी काही बिघडत नाही.

याहूनही चांगला एक उपाय आहे. ज्या झाडांना जास्त पाणी मानवते अशी दोन-तीन झाडे बाल्कनीत आणावीत. अळू, ब्राह्मी, वेखंड, कर्दळ ही सारी ओलीत वाढणारी मंडळी. ब्राह्मीच्या पसरट कुंडीत दिवसातून तीनदा पाणी पडले तर ती फोफावते. माणसाची सवय बदलण्यापेक्षा कुंडीतले झाड बदलणे सोपे.

ताटल्यांत मात्र पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतात. अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही टिकतात, म्हणून ताटल्या आणि मनी प्लँटच्या बाटल्या आठवड्यातून एकदा घासून धुवाव्यात. नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही. फरशीवर सांडलेले पाणी लगेच टिपावे. कुंड्या कंबरेच्या उंचीच्या मांडणीवर ठेवाव्यात, म्हणजे वाकावे लागत नाही; रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उभे राहताना भोवळ येते आणि ओल्या बाल्कनीतली घसरण फार महाग पडते. खुरपे हाती घेताना मधुमेहींनी हातमोजे आणि पायांत चपला घालाव्यात.

आणि एक कर्तव्य. कुंडीवरून आजाराचे निदान करू नये. पाणी घातल्याचे आपणही कधी विसरतोच. पण जे पाणी दोनदा घालतात ते गोळीही दोनदा घेत नाहीत ना, हे घरच्यांनी शांतपणे एकदा तपासावे. गॅस उघडा राहणे, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, यांपैकी काही सोबत दिसत असेल तर डॉक्टरांना भेटण्यास उशीर करू नये. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, औदासीन्य, काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही विस्मरण वाढते, आणि ही कारणे उपचाराने सुधारू शकतात. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून ती तपासायची राहून जातात.

भगिनींनी आजपासून मनी प्लँटचे पाणी माती दोन पेरे कोरडी होईपर्यंत थांबवावे, तुळस उन्हाच्या बाजूला सरकवावी आणि पिवळी पाने कात्रीने काढून टाकावीत, म्हणजे सासूबाईंच्या डोळ्यांसमोर ती राहणार नाहीत. नवी पालवी दिसायला तीन-चार आठवडे लागतील. मधल्या काळासाठी मंडईतून वडीच्या अळूचे दोन कंद आणून रुंद कुंडीत लावावेत. रोपवाटिकेतले रंगीत शोभेचे अळू आणू नये, ते खाण्याचे नव्हे. पाने हाताएवढी झाली की खुडण्याचे काम सासूबाईंनाच द्यावे, हाताला तेल लावून. वडीचे अळू कोणते आणि फदफद्याचे कोणते, हे त्यांना विचारून पाहावे. ते त्या विसरल्या नसतील.